भिंतीसाठी जंगल आणायला: दम्माम ते बाहा

सौदी अरेबियात जंगल बघायला निघालेय, असं मी फोनवर नाशिकला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "बरी आहेस ना गं? ऊन बाधलं का?" आईची काही चूक नाही. इतकी वर्षं दम्माममध्ये काढल्यावर मलाही वाटायला लागलं होतं, की हा देश करताना देव हिरव्या रंगाची डबी घरीच विसरला. खिडकीतून दिसतात त्या क्रेन, पाण्याच्या टाक्या, आणि कुणीतरी रोज टँकरनं पाणी घालतं म्हणून तग धरून असलेली चार खजुरीची झाडं.

तर हे तेव्हाचं, जेव्हा तेलाचे भाव रोज चढत होते आणि पूर्वेच्या या किनाऱ्यावर रोज नवा कारखाना उभा राहत होता. माझा नवरा सुहास पेट्रोकेमिकलच्या प्रकल्पावर इंजिनियर. मी इथल्या भारतीय शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलगी अकरावीसाठी नाशिकला गेली, घर सुनं झालं, म्हणून संध्याकाळी घरी दोनचार बायकांना चित्रकला शिकवायला लागले. त्यातली एक नूरा.

नूरा सौदी, तिशीची, इंग्रजी फर्डं, आणि हट्टी अशी की विचारू नका. तिचा नवरा सालेह अमेरिकेत शिकून आलेला. त्यांच्या घराची डागडुजी चालली होती आणि बायकांच्या बैठकीच्या खोलीतली, म्हणजे मजलिसमधली, लांबच्या लांब भिंत तिला माझ्याकडून रंगवून हवी होती. त्या भिंतीवर आधी जंगलाचा वॉलपेपर होता. तेलाच्या पहिल्या तेजीत इथं घरोघरी ही फॅशन होती म्हणे: लालपिवळी झाडं, मधे धबधबा, आणि समोर गालिच्यावर बसून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, प्यायचा. तो कागद आता पोपडे धरून लोंबत होता. धबधब्याचा तर नुसता पांढरा डाग उरला होता.

"असं जंगल हवंय," म्हणून नूरानं सालेहच्या कॉलेजच्या दिवसांतला एक जाडजूड अल्बम माझ्यापुढं ठेवला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांची जंगलं. बाई गं, काय ती चित्रं! बाहेर एसीचे डबे घरघरतायत, पान उलटलं की खोलीत गारवा उतरतोय. शेवाळलेले दगड, आडवं पडलेलं म्हातारं झाड, त्याखालून निघालेला ओहोळ, आणि खूप आत, झाडांच्या पार पलीकडं, कुणीतरी दिवा लावून ठेवलाय असा उजेड. त्या उजेडाकडं बघता बघता माझा चहा रोज निवायचा. या लोकांची एक पद्धत होती. उन्हाळाभर रंगांची पेटी घेऊन डोंगरात भटकायचं, कागदाच्या तुकड्यांवर छोटी छोटी चित्रं करायची, आणि थंडीत शहरातल्या खोलीत बसून त्यांतून भिंतीएवढं एक चित्र उभं करायचं. आणि बहुतेक चित्रांत कुठंतरी कोपऱ्यात मुंगीएवढा एक माणूस. तो दिसेपर्यंत झाडं किती अफाट आहेत ते कळतच नाही.

मी मोठ्या हार्डबोर्डवर नमुना करून नेला. उंचच उंच खोडं, आतून येणारा उजेड, सगळं तस्संच. माझी मीच खूश. मजलिसमध्ये नूराची सासू बसली होती. तिला सगळे उम्म सालेह म्हणतात, म्हणजे सालेहची आई. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झालेला. मोठं आणि ठसठशीत असेल, आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं, तरच काय ते दिसायचं. ही थंडी संपेपर्यंत एवढं टिकलं तरी नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते. ती उठली, नाक टेकेल इतकी बोर्डाजवळ गेली, आणि इकडून तिकडं मान फिरवत राहिली.

"हे कुणाचं जंगल?"

"अमेरिकेचं," नूरा म्हणाली.

"मग अमेरिकावाल्यांना द्या. माझं कुठंय?"

नूरा हसली, मीही हसले, पण म्हातारी हसली नाही. खाली बसून ती सांगायला लागली आणि नूरा मला इंग्रजीत सांगत गेली. उम्म सालेह मूळची बाहाकडची, पार पश्चिमेच्या डोंगरातली. तिथं अरारची, म्हणजे जुनिपरच्या जातीच्या झाडांची, जंगलं आहेत. लहानपणी ती रोज लाकडं आणायला जायची. दगडी बुरुजाच्या मागून वाट, पुढं झरा, झऱ्याखाली एक दुभंगलेलं अरार. "तिथं मी मोळी ठेवायचे, पाणी प्यायचे, आणि मग थेट घरी. उशीर झाला की आई दारात उभी असायची."

सालेह आदल्या वर्षी तिला विमानानं तिकडं घेऊन गेला होता. तिला तिथं सगळं पांढरं दिसलं. धुकं होतं की डोळे होते, कुणास ठाऊक. येताना विमानभर रडली म्हणे. फोनवरचे फोटो म्हणजे तिला नुसते ठिपके. तिला दिसू शकेल एवढं मोठं जंगल फक्त भिंतीवरच मावलं असतं, आणि तेही लवकर.

घरी येऊन मी सुहासला म्हटलं, "ईदच्या सुट्टीत बाहाला जायचं."

"कशाला?"

"जंगल आणायला."

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. लग्नाला वीस वर्षं झाली की माणसाला कळतं, कुठं वाद घालायचा आणि कुठं गाडीचं ऑइल बदलून आणायचं. तो ऑइल बदलायला गेला.

निघायच्या आधी नूराशी एका गोष्टीवरून माझं वाजलं. वाटेवर मोळी घेतलेली एक छोटी मुलगी काढायची, असं मी मनात पक्कं केलं होतं. नूरा म्हणाली, "नको. त्या खोलीत आम्ही नमाज पढतो. माणूस नको, प्राणी नको." मी म्हटलं, अगं, एवढीशी, पाठमोरी, चेहराही दिसणार नाही! तर म्हणे, "झाडं काढ, डोंगर काढ, आभाळ काढ. माणूस नाही. खलास." घर तिचं, रीत तिची. पण मी फणफणतच परतले. ज्या मुलीसाठी हे जंगल, तीच त्यात नसायची!

आता तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर कामाचं सांगते. दम्माम ते रियाध रस्ता सरळसोट, चारपाच तासांचा, दोन्ही बाजूंना उंटांसाठी कुंपण आणि वाळूखेरीज बघायला काही नाही. पेट्रोल पाण्याच्या बाटलीपेक्षा स्वस्त. नमाजाची वेळ झाली की पंप, हॉटेल, दुकान सगळं बंद होतं, तेव्हा टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या, पोटाचंही तेच. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या घेतल्या होत्या. इकामे, म्हणजे इथं राहायचे परवाने, जवळ ठेवा आणि नवरा-बायको असल्याचा कागदही, कारण हॉटेलवाला विचारतो. रियाधच्या हॉटेलातल्या मलबारी पोऱ्यानं आमच्याकडं संशयानं बघत विचारलं, "फॅमिली?" सुहास म्हणाला, "आवाजावरून कळत नाही का?" मी तेव्हा त्याला गाडीतल्या पुऱ्या विसरल्याबद्दल झापत होते.

दुसऱ्या दिवशी रियाध सोडलं आणि ताइफचा लांबलचक पट्टा लागला. या रस्त्यावर माणसाचं काहीतरी होतं. तासन् तास काहीच बदलत नाही, आणि मग नजर स्वतःच चित्रं काढायला लागते. लांबवर पाणी दिसतं, पाण्यात उलटी झाडं दिसतात, जवळ गेलं की डांबर. मी डोळे मिटले की अल्बममधली खोडं उभी राहायची आणि उघडले की वाळू. मधेच डुलकी लागली आणि मला स्वप्न पडलं, की आमच्या दम्मामच्या जिन्यातून ओहोळ वाहतोय आणि मी चपला हातात घेऊन वर चढतेय. जाग आली तेव्हा सुहास गाडी कडेला घेत होता. टायर बसला होता.

स्टेपनी लावून पुढच्या पंपावर पोचलो, तर टायरवाला निघाला राजापूरचा. आमचं बोलणं ऐकून पान्हा खाली ठेवून बघायलाच लागला. "वैनी, मराठी? हय खय?" मग काय, चहा झाला. बाहाला जंगल बघायला चाललोय म्हटल्यावर मनापासून हसला. "जंगल बघूक? मग राजापुराक जावा की! हय लाकूड दिसता ता फकस्त दुकानात." पण निघताना काच खाली करायला लावून बजावलं, "वर घाटात माकडां आसत. खाऊ दाखवू नका."

ताइफला मुक्काम केला. ताइफचा गुलाब मार्च-एप्रिलमध्ये असतो, आम्हाला नुसते काटे बघायला मिळाले. पण हवा! खिडकी उघडी ठेवून झोपलो, एवढंच सांगते. दम्मामला राहणाऱ्याला त्यात सगळं समजेल. सकाळी अफगाणी भट्टीवरची ताटाएवढी गरम रोटी आणि त्यासोबत फूल, म्हणजे घेवड्याच्या बियांची घोटून जिरं घातलेली उसळ. दोघांचं पोट भरून वर उरतं, आणि पैसेही फार जात नाहीत.

ताइफ ते बाहा हा रस्ता मात्र आयुष्यात एकदा करा. डोंगराच्या माथ्यामाथ्यानं जातो. एका अंगाला पायऱ्यापायऱ्यांची शेतं, टेकाडाटेकाडावर दगडी बुरुज, आणि दुसऱ्या अंगाला डोंगर एकदम तुटतो, खाली तिहामा, म्हणजे समुद्राकडचा सखल मुलूख, आणि तिथून ढग वर चढत येतात. त्र्यंबकला वाढलेल्या बाईला ढग नवे नाहीत. पण इतक्या दिवसांच्या कोरडेपणानंतर पहिला ढग काचेवर आला तेव्हा मी वायपर लावू दिला नाही. सुहास म्हणाला, "अगं, रस्ता दिसत नाही." मी म्हटलं, "मग थांब."

थांबलो. आणि इथंच कपाळ माझं, राजापूरकराचं बोलणं विसरून मी पुऱ्यांचा डबा उघडला. बबून मोठे असतात हो! एक आला, माझ्याकडं शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं पाहिलं, डबा उचलला आणि कठड्यावर बसून सावकाश खायला लागला. चटणी लागल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं, एवढंच काय ते समाधान.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा कठड्यापलीकडं पहिलं अरार दिसलं. आणि मला हसू आलं, स्वतःचंच. माझ्या नमुन्यातली ती मंदिराच्या खांबांसारखी सरळ खोडं! अरार बुटकं असतं, पिळलेलं, धुणं पिळावं तसं. साल राखाडी, लांब पट्ट्यापट्ट्यांनी सुटलेली, फांद्यांना पांढरट दाढ्या लोंबलेल्या. खाली पडलेली काटकी मी मोडली आणि नाकाशी नेली. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो ना, अगदी तो वास. सगळ्या जंगलाला माझ्या वर्गाचा वास होता. मला एकदम रडू आलं.

बाहाला राघदान म्हणून जंगलाची बाग आहे. तिथं पाळणे, शेगड्या, वेफर्सची पाकिटं, आणि झाडाझाडाखाली गालिचे पसरून बसलेली कुटुंबं. नाराज होऊ नका, थोडं आत चालत जा. गर्दीचा आवाज धुक्यात विरतो आणि मग नुसते थेंब टपकत असतात. अबाया आवरून एका दगडावर बसून मी अख्खा दिवस छोटी छोटी चित्रं केली, अल्बमवाल्यांसारखी. एकावर फक्त साल. एकावर फक्त मुळं. एकावर झाडांच्या पलीकडचा उजेड. तो इथंही होता, फक्त सोनेरी नव्हता, दुधाळ होता. सुहास शेजारी थर्मास धरून बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "किती दिवसांनी असं काही न करता बसलोय." मी त्याचा हात काढला चित्रात, म्हणजे थर्मास धरलेला. तो कागद मी कुणाला दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी उम्म सालेहचं गाव शोधायला निघालो. नूरानं दिलेल्या खुणांवरून बुरुज सापडला. जुनं दगडी गाव ओस पडलेलं, छपरं बसलेली, नवी घरं खाली रस्त्याच्या कडेला. बुरुजामागची वाट झुडपांनी गिळलेली. झरा काही सापडेना. रस्त्याकडेला एक म्हातारी मध, तुळशीसारख्या रानपाल्याच्या जुड्या आणि तापल्या दगडाखाली भाजलेली जाड रोटी घेऊन बसली होती. सुहासला साइटवरचं अरबी येतं, त्यावर निभावलं. त्यानं उम्म सालेहच्या वडिलांचं नाव सांगितलं.

"त्यांची मुलगी?" म्हातारी म्हणाली. "ती तर कधीच तेलाच्या गावाला गेली. जिवंत आहे?"

"आहे. पण डोळे जातायत. ही बाई तिच्यासाठी जंगल काढून नेणार आहे, भिंतीवर."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मधाच्या बाटल्यांवर फडकं टाकलं आणि काठी घेऊन आमच्यापुढं चालायला लागली. दुकान तसंच रस्त्यावर सोडून.

झरा होता तिथं सिमेंटची टाकी होती, कोरडी. आणि तिच्याखाली ते झाड. खरंच दुभंगलेलं, जमिनीपासून दोन फांटे. एक फांटा वाळून पांढराफटक झालेला, दुसऱ्यावर हिरवं. मी तिथंच बसकण मारली आणि भराभर काढायला लागले. मुलगी नाही तर नाही, निदान तिची मोळी ठेवू, या विचारानं मी झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर एक मोळी काढली. आमच्याकडं काढतात तशी, मधे एकच आवळलेली दोरी, बाजूला डोक्यावरची चुंबळ.

म्हातारीनं कागद पाहिला आणि पदर तोंडाला लावावा तसा बुरख्याचा कोपरा लावून हसली. चुंबळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

सुहासनं डोक्यावर हात ठेवून दाखवलं.

"डोक्यावर? लाकडं? मान मोडायची आहे का तुमच्या बायकांना!" ती म्हणाली. "आणि जमिनीवर कोण ठेवतं? एकटी पोर परत उचलणार कशी?"

खरंच की. आमच्या त्र्यंबकच्या बायकाही खाली ठेवलेली मोळी एकटीनं उचलत नाहीत, वाटेवर कुणी दिसेपर्यंत थांबतात आणि हाक मारतात, "हात लाव गं." इथं मोळी पाठीवर असते, दोन दोऱ्या खांद्यावरून पुढं घेतलेल्या. आणि तिला ठेवायला कमरेएवढा दगड लागतो. म्हातारी मला हाताला धरून झाडामागं घेऊन गेली. तिथं तो होता, वरून सपाट, वरची कड झिजून गुळगुळीत झालेली. तिनं काठी बाजूला ठेवली, दगडाकडं पाठ केली, गुडघ्यांत वाकली आणि टेकली. मोळी दगडावर बसली. मग दोन्ही हात खांद्यांवरून मागं, नसलेल्या दोऱ्या मुठीत, गुडघ्यांत जोर, आणि उठली. या वयात! उठताना गुडघे कटकटले आणि ती मला म्हणाली, "बघितलंस? कुणाच्या हाताची गरज नाही."

मी तिला विचारलं, या दगडावर तुम्हीही ठेवायचात? तर म्हणाली, "सगळ्याच. पण एका वेळी एकीचीच मावायची." निघताना आम्ही मधाची बाटली घेतली. पैसे तिनं घेतले, आणि वर एक रोटी फुकट दिली, "तेलाच्या गावातल्या बाईला" म्हणून. ती रोटी दम्मामपर्यंत टिकली. दगडच होता म्हणा ना, पण वास अजून चुलीचा होता.

परतीचा रस्ता तोच, वाळू तीच. गाडीत काटक्या ठेवल्यामुळं पेन्सिलीचा वास चौदाशे किलोमीटर आमच्याबरोबर आला. खर्चाचं म्हणाल तर दोघांचं आठवडाभराचं सगळं मिळून भारतात एकदा विमानानं जाऊन येण्यापेक्षा बरंच कमी लागलं. जावं का, तर जरूर जावं. पुऱ्यांचा डबा तेवढा काचेच्या आत ठेवावा. काय मिळालं म्हणाल, तर सुहास आता कधी कधी रविवारी, म्हणजे आमच्या इथल्या शुक्रवारी, थर्मास भरतो आणि गच्चीवर नुसता बसतो. आणि मला कळलं की मी इतकी वर्षं पोरांना झाड शिकवताना सरळ खोडच शिकवत आले होते. पण खरं जे उरलं ते त्या मजलिसमध्ये, म्हणून तिथला शेवटचा मुक्काम सांगितल्याशिवाय हे प्रवासवर्णन पुरं होत नाही.

मी रंगाऱ्यांचा लाकडी घोडा मागवला आणि शाळेतून सुटले की भिंतीवर. अमेरिकन मंडळी थंडीत खोलीत बसून करायची तेच. साल राघदानची, आभाळ ताइफच्या घाटातलं, दगड आणि झाड गावाकडचं. मधेमधे अल्बम उघडून बघायचे, आतला उजेड त्यांनी कसा कोंडून ठेवलाय ते. उम्म सालेह रोज येऊन बसायची, माझ्याकडं पाठ करून. पूर्ण झाल्याशिवाय बघणार नाही म्हणाली. मी म्हणायचे, थोडं थोडं बघा ना. नाही म्हणजे नाही. तिला गहवा ओतायची हौस. आधी कपात ओतायची, मग कपाच्या कडेवर, मग एक दिवस सगळा माझ्या हातावर. कप कुठं आहे ते तिला दिसलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी शाळेत रजा टाकली.

एकदा पाठमोरीच तिनं विचारलं, "झरा आहे ना गं अजून?"

नूरा माझ्याकडं बघायला लागली. सिमेंटची टाकी माझ्या डोळ्यांपुढं आली. मी माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, "चित्रात आहे."

तिनं हातातला कप चाचपडत खाली ठेवला. मग म्हणाली, "मग चांगलं वाहतं काढ. कंजूषपणा करू नकोस."

भिंत झाली त्या दुपारी नूरानं खोलीतले सगळे दिवे लावले. नूरा हळूच म्हणाली, "छान झालंय. पण रिकामं वाटतं ना, कुणीच नाही त्यामुळं?" मी तिला कोपरानं ढोसलं.

उम्म सालेह उठली. भिंतीशी गेली, अगदी नाक टेकेल इतकी, आणि एका टोकापासून चालायला लागली. बुरुज. पुढं वाट. झऱ्यापाशी थांबली, पाण्यावर तळहात ठेवला, बघितलं की नुसतं चाचपलं ते मला कळेना. पुढं दुभंगलेलं झाड. वाळलेल्या फांट्यावर तिचा हात अडखळला, मग हिरव्यावर गेला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. संपलं, मला वाटलं, दिसत नाही तिला, उशीर केला आपण.

मग ती झाडामागच्या दगडापाशी आली. दगडावर मी मोळी ठेवली होती, गडद, मोठी, दोन दोऱ्या बाहेर लोंबत्या सोडलेली. तिचा चेहरा मोळीसमोर थांबला. एकेका लाकडाच्या टोकावरून नजर फिरली, हो, नजरच, बोट नव्हे. मग तिनं एकदम भिंतीकडं पाठ केली.

"पडतील!" म्हणत नूरा धावली, कारण म्हातारी गुडघ्यांत वाकत होती. मी नूराचा हात धरला.

उम्म सालेहची पाठ मोळीला टेकली. दोन्ही हात खांद्यांवरून मागं गेले, मुठी आवळल्या. "सोड गं, मला येतं उचलायला," ती कुणाला म्हणाली कोण जाणे, आणि उठली. थोडी पुढं झुकलेली, पाठीवर ओझं असलेलं माणूस झुकतं तशी. गालिच्यावरून पावलं जपून टाकत ती आमच्या समोरून गेली. ओठ हलत होते, मी कान दिला.

"यल्ला, चल, चल. आई दारात उभी असेल."

ती दरवाजापाशी पोचली तेव्हा नूरा पुढं झाली, आणि तिनं दार उघडून धरलं.